लिंबापर्यंतचे अडतीस सेकंद

आमच्या वस्तीवर फोन झाडाला टांगतात. कॉलेजात असताना हे मी कुणाला सांगितलं नाही. वसतिगृहातली मुलं हसतील असं वाटायचं. आज सांगताना काही वाटत नाही, कारण यात हसायचंच असेल तर कुणाला हसावं, हे मधल्या काळात मला नीट कळलं आहे.

वस्ती पाथर्डी तालुक्यातली. डोंगराच्या पायथ्याला चार घरं आणि घरांच्या वरच्या अंगाला, उंचवट्यावर, एक लिंब. मोबाईलची रेंज येते ती त्या लिंबाखाली. घरात येत नाही, अंगणात येत नाही, ओढ्याकडं तर बोलायलाच नको. म्हणून लिंबाच्या खालच्या फांदीला चार कापडी पिशव्या लटकलेल्या असतात, एका घराची एक. आईची पिशवी माझ्या शाळेच्या खाकी चड्डीची शिवलेली आहे. फोन वाजला की आवाजावरून कुणाचा ते कळतं आणि ज्याचा असेल तो चढण चढून जातो. आभाळ भरून आलं की बाया वाळवणाच्या आधी पिशव्या काढायला पळतात.

कंपनीच्या नकाशात मात्र आमच्या वस्तीवर उत्तम रेंज आहे. नगरला त्यांच्या दुकानातल्या पडद्यावर मी तो नकाशा पाहिला आहे. अख्खा तालुका एका गडद रंगात रंगवलेला. डोंगर, ओढे, खिंडी, सगळ्यावरून एकच ब्रश. पहिलीतल्या मुलानं चित्राबाहेर रंग सांडला तर आम्ही त्याला समजावून सांगतो. यांना तसं सांगणारं कुणी भेटलेलं दिसत नाही.

माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की टोळी कोपरगावकडं निघायची आणि कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायची. मीही त्यांच्याबरोबर कोयता घेऊन गेलो असतो, पण आमच्या शाळेतल्या एका सरांनी वडिलांचा हात धरून सांगितलं, की ह्या पोराला नेऊ नका, याला मी वसतिगृहात घालतो. त्यांनी घातलं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, आणि आज भिंगारजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, ते त्या सरांमुळं. त्यांनी मला अर्ज लिहायला शिकवलं. वर विषय, खाली संदर्भ, मग महोदय, एका परिच्छेदात एकच मुद्दा. मुद्देसूद अर्जाला सरकारला उत्तर द्यावंच लागतं, असं ते म्हणायचे. सरांनी शिकवलेलं बाकी सगळं खरं निघालं.

मी वसतिगृहात गेल्यावर आईनं टोळीतल्या एकाकडून जुना फोन घेतला. तेव्हा बिल मिनिटावर होतं. एकसष्टावं सेकंद लागलं की दुसरं मिनिट पूर्ण धरायचे. कापडाच्या दुकानदारानं सव्वा मीटर कापून दोन मीटरचे पैसे मागितले असते तर आईनं त्याला चारचौघांत सुनावलं असतं. इथं सुनवायला समोर कुणी नव्हतं. मग ती पन्नास सेकंदांत बोलायला शिकली. "जेवलास का, अंग बरं हाय का, इकडं समदं बरं हाय, ठेव." एवढ्यात फोन बंद. पुढं कितीतरी वर्षांनी सेकंदावर बिल आलं, पण आईच्या बोलण्याचा वेग तोच राहिला. आजही ती फोनवर माझं उत्तर पूर्ण ऐकून घेत नाही.

एका हंगामात टोळी हद्दीपलीकडं कर्नाटकातल्या कारखान्यावर गेली. तिथं आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जायचे. हे आईला कुणी सांगितलं नव्हतं. आपण फोन केला नाही आणि पैसे तर गेले, म्हणजे शेजारच्या कोपीतल्या बाईनं चोरून वापरला, असं तिला वाटलं. त्या बाईशी ती महिनाभर बोलली नाही. दोघी एकाच फडात मोळ्या बांधायच्या. रोमिंग नावाचा प्रकार मी सुट्टीत गेल्यावर समजावून सांगितला, तेव्हा आई त्या बाईच्या कोपीत जाऊन काही न बोलता तिच्या हातची भाकरी खाऊन आली. कंपनीनं त्या महिनाभराचं काय केलं असतं, मला माहीत नाही. त्यांच्याकडं त्यासाठी रकाना नसणार.

तेव्हा आम्ही मिस कॉलची रीत बसवली. एकदा वाजवून तोडला तर सगळं ठीक आहे, परत करू नकोस. लागोपाठ दोनदा वाजवून तोडला तर काम आहे, फोन कर. वसतिगृहात पोचलो की एक. परीक्षा झाली की एक. वडील गेले त्या सकाळी माझ्या फोनवर लागोपाठ दोन आले. सगळी वस्ती हीच रीत पाळायची आणि आजही पाळते. पोरीला सासरच्या एसटीत बसवून आलेला बाप लिंबाखाली उभा राहतो, तिकडून एक मिस कॉल येतो आणि तो उचलायच्या आधीच तुटतो. तो खाली येऊन सांगतो, "पोचली." न उचललेल्या फोननं आमच्या लोकांना इतकी वर्षं धीर दिला आहे. पुढं जे झालं ते या सवयीमुळं झालं, म्हणून हे सविस्तर सांगितलं.

आईचा उजवा डोळा तोडणीच्या काळातच गेला. उसाचं पातं लागलं, मग त्यात घाण झाली. राहिला डावा. काही वर्षांपूर्वी त्यात मोतीबिंदू पिकत आला. गावच्या शाळेत एका धर्मादाय दवाखान्याचं शिबिर झालं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून डोळा पाहिला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की फार दिवस काढू नका. दाब वाढला तर नंतर ऑपरेशन करूनही नजर येणार नाही. दवाखाना यादी लावणार, नंबर आला की आदल्या दिवशी फोन करणार, आणि सकाळी तालुक्याच्या स्टँडवरून त्यांची गाडी पेशंट घेऊन नगरला जाणार, असं ठरलं.

फॉर्मवर फोन नंबर लिहायची वेळ आली. मी माझा सांगू लागलो. आईनं अडवलं.

"डोळा माजा हाय का तुजा?"

"तुझा."

"मंग नंबर बी माजाच."

तिचं म्हणणं वावगं नव्हतं. आमच्या शाळेत शिकवताना फोन मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा लागतो. मी तिचाच नंबर लिहिला. तिला अक्षर येत नाही आणि आता पडदाही दिसत नव्हता, म्हणून दवाखान्याच्या नंबराला मी वेगळा आवाज लावून दिला. कोंबडा आरवल्याचा. कोंबडा आरवला की दवाखाना, एवढं तिनं पक्कं केलं.

दसऱ्यानंतर टोळ्या गेल्या. वस्तीवर राहिली आई आणि पलीकडच्या घरातले तात्या. तात्यांना ऐकू येत नाही आणि ते मान्यही करत नाहीत. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी एसटीनं गेलो. आई अंगणात शेंगा निवडत बसली होती, हातानं चाचपून. चेहऱ्यावर समाधान होतं.

"आरं, दवाखान्याचा मिस कॉल आल्ता. मंगळवारी एक आन् काल एक."

"उचलला नाहीस?"

"उचलाय गेल्ते की. निम्म्यात गेले तवर तोडला त्यांनी. दोन्ही डाव तसंच. लागोपाठ दुसरा काय आला न्हाई. म्हन्लं, समदं ठीक हाय, ध्यानात हाय त्यांच्या आपलं नाव."

मी शेंगांच्या ढिगाजवळ बसलो. ती आठवडाभर निश्चिंत होती. मंगळवारी दवाखान्यानं विचारलं, उद्या येता का, आणि शुक्रवारी पुन्हा विचारलं, आणि दोन्ही वेळा आईनं ते ऐकून समाधानानं पुन्हा शेंगा निवडायला घेतल्या. तात्या भिंतीला टेकून आमच्याकडं पाहत होते. "काय म्हनतोय मास्तर?" त्यांनी विचारलं. आई ओरडून म्हणाली, "डोळ्याचा नंबर लागलाय." तात्या म्हणाले, "चष्म्याचा नंबर कुठं सांगती, आपरेशन कर."

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी दवाखान्यात गेलो. यादी ठेवणारे कारकून वयस्क आणि भले होते. त्यांनी वही काढून दाखवली. आईच्या नावापुढं दोन फुल्या.

"दोन वेळा फोन केला, गुरुजी. उचलला नाही. मग पुढचं नाव घ्यावं लागतं, गाडीत जागा ठरलेल्या असतात."

"पूर्ण वाजला होता का?"

"वाजला तेवढा वाजला. हल्ली लवकर तुटतो. पूर्वी बराच वेळ वाजायचा, म्हातारी माणसं येऊन उचलायची. या महिन्यात कितीतरी जण असेच राहिले. मला वाटलं आमचाच फोन बिघडला."

पुढची यादी महिन्यानं होती. त्यांनी आईचं नाव वरती घातलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिना चालेल, त्यापुढं मी खात्री देणार नाही.

त्या शनिवारी शाळेतलं खेळाचं स्टॉपवॉच घेऊन मी वस्तीवर गेलो. मी विज्ञान शिकवतो, मोजल्याशिवाय मला बोलवत नाही. आधी लिंबाखाली उभा राहून माझ्या फोनवरून आईच्या फोनला कॉल केला. पंचविसाव्या सेकंदाला तुटला. पुन्हा केला. पुन्हा पंचवीस. मग आईला चुलीपुढं बसवलं आणि फोन वाजला असं समजून ऊठ म्हणालो.

"काय शर्यत लावलीस म्हातारीची?"

"उचलायला जातेस तशी जा फक्त."

गुडघ्यावर हात ठेवून ती उठली, उंबरा ओलांडला, अंगण, मग मधली ओघळ. ओघळीशी ती थांबली, पायानं दगड चाचपला, दुसरा पाय टाकला. चढण. फांदी. पिशवीत हात. अडतीस सेकंद. तीनदा मोजलं. अडतीस, एकोणचाळीस, अडतीस. पूर्वी फोन वाजायचा त्यात तिला पोचून दम खायला वेळ उरत होता. आता ती ओघळीत असतानाच तुटत होता.

कंपनीच्या दुकानात टोकन घेऊन बसावं लागतं. माझा नंबर आल्यावर गळ्यात पट्टा घातलेला तरुण म्हणाला, "नमस्कार सर, मी आपली काय सहायता करू शकतो?" मी सांगितलं. तो ऐकत नव्हता, माझं बोलणं थांबण्याची वाट पाहत होता.

"सर, मॅडमना हँडसेट जवळ ठेवायला सांगा."

"जवळ ठेवला तर रेंज नाही."

त्यानं पडदा माझ्याकडं वळवला. तोच तो गडद नकाशा. "रेंज आहे सर."

"तुम्ही गेला आहात का तिथं?"

"सर, सिस्टिममध्ये आहे ना."

मग त्यानं मिस कॉल कुणाचा आला ते मेसेजनं कळवणारी सेवा घ्यायला सांगितली. मी म्हणालो, आईला वाचता येत नाही आणि सध्या दिसतही नाही. तो क्षणभर थांबला. मला वाटलं, आता माणूस बोलेल. तो म्हणाला, "मग सर, कॉलर ट्यून देऊ का? भक्तिगीतं आहेत." आईला फोन उचलायला उशीर होतो, तोवर फोन करणाऱ्यानं भजन ऐकावं, अशी ती योजना होती.

त्या पोराचा मला राग आला नाही. त्यालाही कुणीतरी शिकवून बसवलेलं. घरचा बाप बहुधा माझ्या बापासारखाच. राग ज्यांनी शिकवलं त्यांचा आला, आणि पुढं रागही राहिला नाही, किळस राहिली. तक्रार नोंदवली तर एक लांबलचक क्रमांक मिळाला. चार दिवसांनी मेसेज आला, की आपल्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला, आपण फोन उचलला नाही, तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे. कुणाचं समाधान झालं ते लिहिलं नव्हतं. फोन आला तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होतो आणि माझा फोन कपाटात होता. मुख्याध्यापक म्हणाले, कपाट उघडेपर्यंत तुटला. कंपनीनं स्वतःच आखूड केलेल्या रिंगमध्ये तिचाच फोन सापडला होता.

कारण मला वर्तमानपत्रातून कळलं. आतल्या पानावर बातमी होती, दोनदा वाचावी लागली. एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर बोललं, की पहिली कंपनी दुसरीला मिनिटाला सहा पैसे देते. ज्या बाजूनं जास्त फोन जातात तिला जास्त द्यावे लागतात. मग एकीनं रिंगचा वेळ कमी केला. समोरच्यानं उचलायच्या आत फोन तुटला, की त्याच्या पडद्यावर मिस कॉल दिसतो, तो स्वतः उलट फोन करतो, आणि सहा पैसे उलट्या दिशेनं वाहू लागतात. दुसरीनं दूरसंचार नियामकाकडं तक्रार केली, की ही लबाडी आहे, आणि मग लबाडी परवडत नाही म्हणून स्वतःही रिंग आखूड केली. आता दिल्लीत नियामकापुढं वाद चालला होता. एक म्हणत होती वीस सेकंद पुरे, दुसऱ्या म्हणत होत्या पंचेचाळीस हवेत. पंचेचाळीस म्हणणाऱ्यांविषयी मला क्षणभर आपुलकी वाटली. मग लक्षात आलं, त्यांनाही आई नको होती, सहा पैसेच हवे होते.

शनिवारी मी आईला हे जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"म्हंजी एवढाल्या कंपन्या एकमेकीस्नी मिस कॉल देत्यात?"

"व्हय."

"पैसं वाचवाय?"

"व्हय."

"मंग आपल्यापरीस भिकार हायेत की." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आपुन निदान एकमेकाला सांगून देतो."

कंपन्यांच्या या सगळ्या वादावर मी पुढं बरंच वाचलं, पण एवढं नेमकं कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. आमच्या टोळ्यांनी मिस कॉल काढला तो गरजेपोटी, आणि त्याला काही नियम होते. दोन्हीकडच्या माणसांना त्याचा अर्थ माहीत असायचा. चौकाचौकात ज्यांचे फलक असतात, फलकावर हसरी आजी आणि नातू असतो, त्यांनी तीच युक्ती उचलली आणि तिचा अर्थ काढून टाकला. आईच्या कानात तो अर्थ शाबूत होता, ही तिची चूक.

नियामकानं लोकांची मतं मागवली होती. मला कळेपर्यंत मुदत संपून गेली होती. तरी मी लिहिलं. वर विषय, खाली संदर्भ. घर, ओघळ, चढण आणि लिंब यांची आकृती काढली, तीन वेळा मोजलेले आकडे दिले, दवाखान्याच्या दोन फोनांचे दिवस दिले. अर्ज वाजवी असावा म्हणून साठ मागितले नाहीत. पंचेचाळीसच मागितले. आमचे इंग्रजीचे शिक्षक भाषांतर करून देताना म्हणाले, "सर, हे निवेदन आहे की भौतिकशास्त्राचं प्रॅक्टिकल?" मी म्हणालो, काहीही म्हणा, पण आकडे बदलू नका. त्यांनी एकही बदलला नाही. उलट शेवटी एक वाक्य स्वतःहून घातलं, की सदर महिलेस एकच डोळा आहे. ते मी लिहायचं टाळलं होतं. डोळ्याची भीक मागितल्यासारखं वाटलं होतं. त्यांनी घातलेलं मी ठेवलं.

उत्तर आलं नाही. थोड्याच दिवसांनी निर्णय मात्र आला. मोबाईल तीस सेकंद वाजला पाहिजे. निर्णयाचा मजकूर मी डिक्शनरी घेऊन वाचला. नियामकाला दोष देणं सोपं आहे. त्यांनी निदान एक आकडा ठरवला, कंपन्यांवर सोडला असता तर त्या शून्यावर थांबल्या असत्या. पण एक वीस म्हणते, बाकीच्या पंचेचाळीस म्हणतात आणि निकाल तीस येतो, यात मला घासाघीस दिसली. भाजीबाजारात होते तशी. कुणी चुलीपासून उठून चालत जाऊन पाहिलं असावं, असं त्यात काही मला सापडलं नाही. मुदत माझी चुकली होती, हे खरं. पण चालून पाहायला माझं पत्र कशाला लागतं?

पंचविसाचे तीस झाले होते आणि आईला अडतीस लागत होते. यादी आठवड्यावर आली होती. मी दवाखान्यात जाऊन माझाही नंबर लिहून दिला आणि मुख्याध्यापकांना विनंती केली, की त्या आठवड्यापुरता फोन कपाटाबाहेर ठेवू द्या. त्यांनी ठेवू दिला. तरी काळजी होती. नवीन नंबर कारकुनांनी समासात बारीक अक्षरात लिहिलेला मी पाहिला होता, आणि त्यांचाही चष्मा जाड होता.

शनिवारी वस्तीवर गेलो तर घरात चूल नव्हती. तिच्या जागी काळी राख आणि तीन दगडांचे डाग. बाहेर पाहिलं तर लिंबाखालून धूर निघत होता. आई तिथं बसून भाकरी करत होती. डोक्यावर फांदी, फांदीला खाकी पिशवी. शेजारी पाण्याची कळशी, पिठाचा डबा, आणि पोतं टाकून त्यावर तात्या.

"हे काय?"

"किती शेकंद म्हन्ला हुतास?"

"तीस."

"आन् मला लागत्यात अडतीस. त्यांचं तीस वाढंनात, मंग माजं अडतीस कमी केलं." तिनं हात वर करून पिशवीला लावला. "ह्ये बघ. एक शेकंद."

"ऊन लागतं, वारा लागतो."

"फडात काय पंखा हुता का?" तात्यांकडं बोट दाखवून ती म्हणाली, "आन् ह्यो राखनदार हाय की."

तात्या म्हणाले, "भाकर करपली तुजी."

ऐकू न येणाऱ्या माणसाला वास मात्र येतो, असं आई पुटपुटली आणि तिनं भाकरी उलटली. तीन दगड आणि तवा तिनं एकटीनं ओघळीपलीकडं कसे नेले, हे मी विचारलं नाही. पिठाच्या डब्याला एक नवा पोचा आला होता.

फोन मंगळवारी आला. कोंबडा आरवला, आणि आई सांगते त्याप्रमाणं दुसरी बांग पुरी व्हायच्या आत तिनं उचलला. कारकून म्हणाले, उद्या सकाळी आठला स्टँडवर या. आई म्हणाली, "येते. जेवला का? अंग बरं हाय का? ठेवते." आणि ठेवला. कारकुनांनी नंतर मला सांगितलं, की इतक्या वर्षांत यादीतल्या कुणी त्यांच्या अंगाची चौकशी केली नव्हती. मग तिनं मला लागोपाठ दोन मिस कॉल दिले. मी वर्गातून बाहेर येऊन फोन केला. बुधवारी तिच्याबरोबर गाडीत बसलो.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर आईनं आधी डॉक्टरीणबाईंचा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "बाई, तुमी तर लेकराएवढ्या हायेत." मग माझ्याकडं पाहिलं. "क्येस गेलं की रं तुजं." एवढंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगदी काठावर होतं, आणखी थोडं थांबला असता तर मी हात लावला नसता. आई समोरच होती, म्हणून मी त्यांना पुढं काही विचारलं नाही.

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा स्टॉपवॉच माझ्या पिशवीतच राहिलं होतं, शाळेत परत करायचं विसरलो होतो. आईनं ते पाहिलं.

"मोज बरं आता."

ती घरात जिथं चूल होती तिथं जाऊन बसली. मी हात वर केला. ती उठली, उंबरा, अंगण. ओघळीशी थांबली नाही. दगडाकडं नुसतं पाहिलं आणि पाय टाकला. चढण चढून फांदीला हात लावला.

"किती?"

"सत्तावीस."

तीस सेकंदांत बसत होतं. तीन उरत होते. आई खूश होती, मला ते सत्तावीस टोचले. त्यांचा आकडा माझ्याच घड्याळानं बरोबर ठरवला होता. ज्या डोळ्यासाठी तो कमी पडला, तो डोळा दुसऱ्या कुणी बरा केल्यावर.

"मंग कळव की दिल्लीला," आई म्हणाली. "म्हनावं, म्हातारी बसली तुमच्या तिसात."

"नाही कळवत."

ती हसली. मी घड्याळ शून्यावर आणलं आणि चुलीचे दगड उचलायला वाकलो, म्हटलं घरात नेऊन मांडतो. तिनं माझ्या हातावर चापट मारली.

"ऱ्हाऊ दे हितंच. त्यांचा काय भरवसा, उंद्या धा करतील."